वसईचा गोन्सालो आणि त्याच्या चर्चची वाटचाल

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी रोममध्ये नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना संतपद दिलं. त्या सव्वीस जणांत एक वसईचा होता, गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. पण रोममध्ये घंटा वाजत होत्या त्या दिवशी वसईच्या किल्ल्यातलं त्याचं चर्च भग्न होऊन पडलं होतं. ज्या चर्चच्या शाळेत तो अक्षरं गिरवायला शिकला, त्याच्या भिंतींत झाडांनी मुळं रोवली होती. सव्वीस क्रुसांची कथा जगभर गेली होती. तिच्यातल्या एका माणसाच्या गावाला मात्र आपला संत ओळखून घ्यायला, त्याला आपल्या घरात जागा करून द्यायला पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लागली. वसईच्या ख्रिस्ती समाजाची वाटचाल सांगायची तर ती याच धाग्यानं सांगावी असं मला वाटतं.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं डिसेंबर १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगीजांना दिली. खाडीच्या तोंडावर मोक्याची जागा, मागे सुपीक जमीन, जवळच आगाशीसारखं जहाजबांधणीत नावाजलेलं बंदर. पोर्तुगीजांनी इथं तटबंदीच्या आत एक अख्खं शहर वसवलं आणि ते त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं झालं. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आले, येशूसंघी आले, दोमिनिकन आणि ऑगस्टिनियन आले. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईत येऊन गेले. सोळाव्या शतकाच्या मध्यात येशूसंघाचं चर्च आणि शाळा किल्ल्यात उभी राहिली, त्या चर्चला येशूच्या पवित्र नावाचं चर्च म्हणत. आसपासच्या गावांत धर्मग्राम (पॅरिश) स्थापन झाले. या काळाबद्दल लिहिताना एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. इथल्या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यात श्रद्धा होती, सोयही होती आणि राज्यकर्त्यांची सक्तीही होती. देवळं पाडली गेली, हे खरं आहे. ज्यांच्या पूर्वजांवर ही वेळ आली त्यांनीच पुढे हा धर्म इतका आपलासा केला की राज्य गेल्यावरही तो टिकला, हेही तितकंच खरं आहे.

येशूसंघाच्या त्या चर्चची दर्शनी भिंत आज किल्ल्यात बघायला मिळते. दाराच्या दोन्ही अंगांना खोबणीदार खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी, कमानीच्या वर येशूच्या नावाची तीन अक्षरं दगडात कोरलेली. इतक्या पावसाळ्यांनंतरही खांबांच्या खोबणी बोटांना लागतात. वसईचा किल्ला बघायला येणारे बहुतेक जण बुरूज बघतात, चिमाजी आप्पांचं नाव घेतात आणि परततात. या दारासमोर दहा मिनिटं उभं राहावं, कारण याच दारातून एक मुलगा रोज शाळेत जात असे.

किल्ल्यात आणखी एक गोन्सालो आहे आणि त्यामुळे हमखास घोटाळा होतो. दोमिनिकनांचं चर्चही संत गोन्सालोच्याच नावाचं. पण तो गोन्सालो पोर्तुगालमधल्या आमारांतेचा, तेराव्या शतकातला साधू. आपला गोन्सालो दोमिनिकनांच्या चर्चचा नव्हे, येशूसंघाच्या शाळेचा.

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. परंपरा त्याचं गाव आगाशी सांगते, तीच आगाशी, जिथली सुकेळी अजून मुंबईकर नावानं मागतात. शाळेतले त्याचे गुरू फादर सेबास्तियांव गोन्साल्व्हिस. पंधरा वर्षांचा झाल्यावर त्यांच्याबरोबर तो जपानला निघाला. वसईहून जपान म्हणजे तेव्हा जवळपास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासारखं. निघालेला माणूस परत येईलच असं नव्हतं. गोन्सालो परतला नाही.

जपानमध्ये त्यानं पहिलं काम केलं ते भाषा शिकण्याचं. तो ती इतकी चांगली शिकला की येशूसंघाच्या मिशनमध्ये धर्मशिक्षक म्हणून त्याला काम मिळालं. लोकांना गोळा करणं, प्रार्थना शिकवणं, पाद्र्यांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचवणं, हे सगळं तो काही वर्षं करत राहिला. त्याची इच्छा होती ती स्वतः येशूसंघात दाखल होण्याची. ती मान्य झाली नाही. मिश्र रक्ताच्या आणि आशियात जन्मलेल्या तरुणांना संघात घ्यायला त्या काळचे युरोपियन धर्मसंघ बिचकत असत. शिकवायला, दुभाषेपणाला, राबायला तो चालत होता. बरोबरीनं पंगतीत बसवायला नाही. वसईच्या संताच्या आयुष्यातला हा अपमान पुष्कळ चरित्रांत घाईघाईनं उरकला जातो. माझ्या मते त्याचं मोठेपण समजायला तो डावलून चालणार नाही.

कारण त्यानंतर गोन्सालो कडवट झाला नाही. त्यानं मिशन सोडलं, जपानातच व्यापार सुरू केला आणि दोन्हीकडच्या भाषा येत असल्यामुळे त्यात चांगला जम बसवला. व्यापाराच्या निमित्तानं तो स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाला जाऊ लागला. तिथं त्याला फ्रान्सिस्कन भेटले. गरिबीचं व्रत घेतलेले, महारोग्यांची सेवा करणारे हे लोक त्याच्या मनात भरले. कमावलेलं सोडून तो त्यांच्या संघात गेला आणि व्रतस्थ बंधू झाला. धर्मगुरू तो कधीच नव्हता. आयुष्यात त्यानं कधी मिस्सा अर्पण केली नाही. वसईच्या चर्चनं आपला संत म्हणून मिरवला तो एक साधा बंधू, आणि त्याआधीचा व्यापारी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरनं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे एक शिष्टमंडळ पाठवलं. त्याचे प्रमुख फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता आणि दुभाषी गोन्सालो गार्सिया. काम नाजूक होतं. हिदेयोशीनं १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, तो पुरता अमलात आणला नव्हता इतकंच. शिवाय त्यानं फिलिपिन्सकडून मांडलिकीची मागणी केली होती आणि त्याच सुमाराला त्याच्या फौजा कोरियात लढत होत्या. अशा माणसासमोर उभं राहून एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला सांगायचं, कुणाचा अपमान होऊ द्यायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही, हे वसईच्या या बंधूच्या जिभेवर आलं. भेट निभावली. फ्रान्सिस्कनांना राहू देण्यात आलं. क्योतोमध्ये त्यांनी चर्च बांधलं आणि महारोग्यांसाठी रुग्णालय उभं केलं.

तीन वर्षांनी सगळं फिरलं. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरचा माल जप्त झाला. या प्रकरणात हिदेयोशीचा संशय भडकला की आधी पाद्री येतात आणि मागून फौज येते. दोष कुणाचा किती, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. परिणाम मात्र एकच झाला. क्योतो आणि ओसाकात फ्रान्सिस्कनांची आणि त्यांच्या अनुयायांची धरपकड झाली.

जानेवारी १५९७ च्या सुरुवातीला क्योतोत कैद्यांचा डावा कान कापण्यात आला. मग त्यांना गाड्यांत बसवून रस्त्यांवरून फिरवलं. तिथून ऐन थंडीत, महिनाभराची वाट तुडवत त्यांना नागासाकीला नेण्यात आलं. निघताना ते चोवीस होते, वाटेत दोघांची भर पडली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघी आणि सतरा जपानी प्रापंचिक. सगळ्यांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेनं उभे केले गेले आणि भाल्यांनी त्यांचे प्राण घेण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपासचा होता.

त्या सहा फ्रान्सिस्कनांत फेलिपे दे जेझूस नावाचा मेक्सिकोचा एक तरुण होता, त्याच ‘सान फेलिपे’ गलबतावरून आलेला. तो मेक्सिकोचा पहिला संत झाला, गोन्सालो भारताचा. दोन दूरच्या देशांचे पहिले संत एकाच टेकडीवर, एकाच सकाळी गेले.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या सव्वीस जणांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीचे, घोषित केलं. वसई तेव्हा ऐन भरात होती. फ्रान्सिस्कनांचं मोठं चर्च किल्ल्यात होतं. त्याच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांचे कोरीव दगड अजून दिसतात. गोन्सालो त्यांच्याच संघाचा, त्यामुळे त्याचं स्मरण इथं रुजायला वेळ लागला नसावा. पण हे स्मरण तटबंदीच्या आतलं होतं, पोर्तुगीज वसईचं होतं. आणि ती वसई फार काळ राहणार नव्हती.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. मराठी माणसाला या मोहिमेची ओळख करून द्यायची गरज नाही. वेढा चिवट होता, माणसं फार पडली आणि शेवटी पोर्तुगीजांनी सन्मानाच्या अटींवर किल्ला खाली केला. युरोपियन पाद्री आणि पोर्तुगीज कुटुंबं निघून गेली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर पोहोचल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे, नाशिकला नारोशंकराची घंटा आहे. गोन्सालोच्या गावच्या घंटा आपण देवळात शिरताना वाजवत आलो आहोत. यात कुणाला जय दिसेल, कुणाला जखम. मला त्यात महाराष्ट्राच्या इतिहासातली ही दोन घरं एकमेकांत किती गुंतली आहेत ते दिसतं.

किल्ल्यातली चर्चं हळूहळू ओस पडली. पेशवाईनंतर इंग्रज आले. त्यांच्या अमदानीत किल्ल्याच्या आवारात ऊस लावून साखर करण्याचाही प्रयत्न झाला, तो फसला. दगड तेवढे राहिले.

चर्च जगलं ते गावांत. सांडोरचं संत तोमसचं चर्च १५६६ चं, नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. रमेदी, आगाशी, माणिकपूर ही नावंही त्याच जुन्या काळातली. या धर्मग्रामांना राजाश्रय उरला नव्हता. युरोपियन संघांचे मठ बंद झाले होते, थोडे गोव्याचे आणि देशी धर्मगुरू काय ते सांभाळत होते. ज्या कुपारी शेतकऱ्यांनी, वाडवळांनी, कोळ्यांनी हा धर्म जपला त्यांच्याजवळ ना पैसा होता ना सत्ता. बाया लाल लुगड्यात, बाप्ये लाल टोपीत मिस्सेला जात, घरी सामवेदी नाहीतर वाडवळी बोलत. केळीच्या बागा, पानवेली, भाजी आणि फुलं यांच्या हंगामावर त्यांचे सण बेतलेले असत. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी चर्चच्या वहीत पडत राहिल्या. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी बंधनकारक केल्या होत्या. वसईच्या सामान्य माणसाचा लिखित इतिहास बराचसा या वह्यांत आहे.

योगायोग पाहा. तिकडे जपानमध्ये गोन्सालोच्या मागे जे ख्रिस्ती उरले, त्यांच्यावरही बंदी आली. धर्मगुरूंवाचून, चर्चवाचून त्यांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ गुपचूप प्रार्थना जपल्या. नागासाकीत सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावानं नवं औरा चर्च बांधून झालं आणि मार्च १८६५ मध्ये उराकामीचे काही लोक तिथल्या फ्रेंच पाद्र्याकडे येऊन हळूच म्हणाले की आमची श्रद्धा तुमचीच आहे. वसईच्या वाट्याला एवढा छळ आला नाही, पण दोन्हीकडे धर्म तगला तो साध्या कुटुंबांच्या चिकाटीवर.

१८६२ च्या संतपदानंतर लगेच वसईत काही मोठा बदल झाला असं नाही. त्या काळात इथल्या चर्चचा कारभार कुणी पाहायचा याच वादात वर्षं गेली. एकीकडे पोर्तुगालच्या राजाचा जुना हक्क, दुसरीकडे रोमनं थेट नेमलेले धर्माधिकारी. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत झाला, १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन वसई मुंबईकडे आली. या भांडणांत भाविकांची फरफट झाली आणि त्याचा तपशील लिहावा असं त्यात फारसं काही नाही.

गोन्सालो खऱ्या अर्थानं घरी आला तो विसाव्या शतकात. १९५७ मध्ये त्याच्या जन्माची चारशे वर्षं वसईत साजरी झाली. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल. ज्या चर्चनं एकेकाळी गोन्सालोला बरोबरीनं बसवायला नकार दिला होता, त्याच चर्चचं मुंबईतलं सर्वोच्च पद आता एका भारतीयाकडे होतं. गोन्सालो मुंबईच्या आर्चडायोसिसचा दुय्यम आश्रयसंत मानला गेला. गासच्या चर्चला त्याचं नाव मिळालं, वसईच्या महाविद्यालयालाही मिळालं. किल्ल्यातल्या त्याच्या शाळेच्या चर्चमध्ये सणाची मिस्सा होऊ लागली. कॅलेंडरप्रमाणे त्याचा सण ६ फेब्रुवारीचा, पण वसईत तो नाताळानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या सोमवारी साजरा करण्याचा प्रघात आहे. चंद्र बघून संताचा दिवस ठरवणारी ही रीत मला फार जवळची वाटते. यात्रा-जत्रांच्या या मुलखात ती किती स्वाभाविक आहे! नागासाकीतही १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांचं ब्राँझचं स्मारक उभं राहिलं.

२२ मे १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत जाहीर केला. पापडीचं कृपामातेचं चर्च त्याचं कॅथेड्रल झालं. पहिले बिशप थॉमस डाबरे आणि त्यांच्यानंतर आलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो, दोघेही वसईचेच. चारशे वर्षांपूर्वी ज्या गावचा मुलगा व्रतस्थ बंधूही कसाबसा होऊ शकला, त्या गावची माणसं आता धर्मप्रांत सांभाळत होती.

पण माझ्या मते वसईच्या चर्चनं आपल्या संताचं ऋण फेडलं ते पदांनी नाही, भाषेनं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकांच्या भाषेत उपासनेला मोकळीक दिली आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. ‘सुवार्ता’ मासिक पन्नासच्या दशकात सुरू झालं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ त्याचं संपादन केलं आणि ते ख्रिस्ती वाचकांपुरतं न ठेवता मराठी वाचकाचं केलं. साने गुरुजी, तुकोबा, गांधी, येशू हे सगळे त्याच्या पानांवर एकत्र भेटत. दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बिल्डरांनी आणि टँकरवाल्यांनी वसईची हिरवाई आणि पाणी गिळायला सुरुवात केली तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि चर्चचे धर्मगुरू शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो होते. त्या खुर्चीवर एक ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच बसला. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिका याच मातीतून मराठीत आल्या. दोन जगांच्या मध्ये उभं राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला नीट पोचवायचं, हे गोन्सालोनं हिदेयोशीसमोर केलं होतं. वसईच्या चर्चनं तेच काम मराठीत केलं. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांची जागा भरून निघालेली नाही.

आज वसई झपाट्यानं बदलते आहे. बागांच्या जागी इमारती आल्या आहेत, नव्या पिढीच्या तोंडची सामवेदी इंग्रजीपुढे मागे पडते आहे आणि कित्येक तरुण कुटुंबं परदेशी गेली आहेत. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, दगडांची काळजी ते घेतील. कागदांची आणि आठवणींची काळजी मात्र गावांनाच घ्यावी लागेल. वसईतल्या प्रत्येक धर्मग्रामानं आपल्या जुन्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्यांची नीट छायाचित्रं काढून ठेवावीत. १९५७ चा उत्सव पाहिलेली जी थोडी माणसं अजून आहेत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. जुन्या लग्नगीतांचा शब्दन् शब्द उतरवून घ्यावा. ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी ते आपल्या चर्चच्या कार्यालयात नेऊन दाखवावं, आणि हे काम याच वर्षी हाती घ्यावं.